ठोकळ्यातला दुसरा छर्रा

सर,

तुम्ही गेलात त्याला आज एकोणीस दिवस झाले. शोकसभेत तुमच्या नोकरीची वर्षं, तुम्ही दिलेल्या साक्षी, तुमचा स्वभाव, सगळं बोलून झालं. मी काहीच बोलले नाही. सगळ्यांना वाटलं, हिला रडू आवरत नाही. तसं नव्हतं. मला भीती वाटत होती. तुमच्या फोटोसमोर बोलायला उभी राहिले असते, तर वर्षभर तुमच्यापासून लपवलेली गोष्ट पहिल्याच वाक्याला तोंडातून निघून गेली असती. म्हणजे मी ती लपवली आहे, असं मला वाटत होतं.

परवा ती मी भर कोर्टात सांगितली. न्यायाधीशांना कळली, दोन वकिलांना कळली, टायपिस्टला कळली, मागच्या बाकांवर आपापल्या तारखेची वाट बघत बसलेल्या लोकांना कळली. तुम्हालाच सांगायची राहिली. म्हणून हे लिहिते आहे.

आपली ओळखही भीतीतूनच झाली होती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी लॅबमध्ये लागले तेव्हा वाटलं होतं, विषाचे नाहीतर दारूचे नमुने तपासायला मिळतील. मिळाला तुमचा विभाग. बंदुका. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला कानावर मफ चढवायला लावून काचेमागे उभं केलंत आणि बारा बोअरचा बार काढलात. तो आवाज कानात गेलाच नाही, छातीत आणि दातांत गेला. मी मटकन खाली बसले. वर बघते तर तुम्ही बंदूक मोकळी करून, नळी तपासून, मग माझ्याकडे वळलेले. हसला नाहीत. म्हणालात, "बस थोडी. मग ये. आवाज संपला, आता बघायचं काम."

बघणं आवाजाहून वाईट निघालं. टेबलावर जिलेटीनचा ठोकळा होता, उशीएवढा, फिकट मधाच्या रंगाचा, आरपार दिसणारा. साध्या काडतुसात बारीक छर्रे असतात, स्लगच्या काडतुसात एकच गोळी असते, अंगठ्याएवढी जाड, शिशाची. ती आत शिरली तिथं लहानसं भोक होतं. त्याच्या मागे मात्र ठोकळा आतल्या आत फाटला होता, तडकलेल्या काचेसारखा, चारी बाजूंनी. दुसऱ्या टोकाला गोळी अडकलेली, हातोडीनं चेपलेल्या बुचासारखी. "गोळी जाताना ही पोकळी याच्या कितीतरी पट फुगली," तुम्ही म्हणालात. "आणि मिटली. डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेळात. मागे राहिलं ते एवढं."

मी विचारलं, "माणसात पण असंच होतं?"

तुम्ही माझ्या हातात मोजपट्टी दिलीत.

त्या प्रश्नावरून आपण पुढे सात वर्षं भांडलो. माझं म्हणणं, हा ठोकळा खोटा आहे. याला हाडं नाहीत, कातडी नाही, हा पळत नाही, हात वर करत नाही, घाबरत नाही. ज्याला गोळी लागली त्याचं यात काय आहे? तुमचं म्हणणं, "म्हणूनच तो कामाचा आहे. तो कुणाच्याच बाजूचा नाही. तू त्याच्यात जेवढं दिसतं तेवढं लिही." मी म्हणायचे, मग ते वाचणाऱ्याला वाटणार की गोळी लागणं म्हणजे सेंटिमीटर. तुम्ही चष्मा काढून डोळे चोळायचात आणि म्हणायचात, "वाचणाऱ्याला काय वाटावं ते आपण ठरवायला लागलो ना सुवर्णा, की आपल्याला घरी बसवलं पाहिजे." भांडण तिथं थांबायचं, संपायचं नाही. अजूनही संपलेलं नाही. तुम्ही मध्येच उठून गेलात.

ठोकळे करायला शिकवलंत ते मात्र मला आवडायचं. कोमट पाण्यात जिलेटीनची, म्हणजे उकळलेल्या हाडांचीच, भुकटी हळूहळू सोडायची, उकळी येऊ द्यायची नाही, फेस काढायचा, बुरशी धरू नये म्हणून दालचिनीच्या तेलाचे थेंब टाकायचे. हाडांचा वास आणि दालचिनीचा वास एकत्र झाला की आपली खोली लग्नाच्या मुदपाकखान्यासारखी घमघमायची. संध्याकाळी सिडकोत घरी गेले की आई माझी ओढणी हुंगून विचारायची, "तुम्ही सरकारी लोक तिथं शिजवता तरी काय?" हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही मोठ्यानं हसला होतात. तुम्हाला तसं हसताना मी फार वेळा बघितलं नाही.

आणि तो जप्तीच्या काडतुसाचा दिवस. जुनं, ओल खाल्लेलं काडतूस. बंदूक स्टँडवर घट्ट बसवलेली, चापाला दोरी बांधलेली, आपण मागे काचेआड. तुम्ही दोरी ओढलीत. नुसतं टक् झालं. बार उडालाच नाही. मला वाटलं, फुसका निघाला. मी बघायला पुढं निघाले आणि तुम्ही माझं मनगट असं धरलंत की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं होतं. "हलू नको." मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. आणि बार उडाला. स्टँडवरची बंदूक एकटीच, कुणी हात न लावता.

धूर निवला तरी आपण दोघं तसेच उभे. मग तुम्ही खाली फरशीवर बसलात. तुम्ही सटाण्याकडचे, पण ऑफिसात कधी अहिराणी बोलला नाहीत. त्या दिवशी बोललात. "घाबरू नको माय, मी शे ना." मी शे ना, मी आहे ना. मला सांगत होतात की स्वतःला, कळलं नाही. पाणी प्यायल्यावर मी विचारलं, "सर, तुम्हाला पण भीती वाटते?" तुम्ही म्हणालात, "रोज वाटते. ज्या दिवशी वाटणार नाही त्या दिवशी मी या खोलीत पाय ठेवणार नाही."

मला ते ऐकून धीर आला होता. पण भीती माणसाला दोन्हीकडे नेते, सर. तुमच्या भीतीनं माझं मनगट धरलं. माझ्या भीतीनं काय केलं ते आता सांगते.

वणीच्या अलीकडच्या त्या मळ्याची केस आपल्याकडे आली तो उन्हाळा होता. शांताराम नावाचा साठीचा शेतकरी, द्राक्षांचा मळा, घरात परवान्याची बारा बोअर. त्या भागात बिबटे येतात, त्याची दोन वासरं आधी गेली होती. सकाळी उजाडता उजाडता त्यानं गोठ्यामागे हालचाल बघितली आणि बार काढला. गोठ्याच्या पत्र्याआड त्याचा जावई होता. जागीच गेला. शांताराम म्हणाला, पत्र्याआड मला जनावर वाटलं. पोलिसांचं म्हणणं वेगळं. सासऱ्या-जावयात आठवडाभर बोलाचाल झाली होती, आणि एका शेजाऱ्यानं दोन बार ऐकल्याचं सांगितलं होतं. पहिला बार समोरासमोर जावयावर, आणि दुसरा, गोष्ट रचायला, नंतर पत्र्यावर.

सगळं एका तुकड्यावर येऊन थांबलं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना जखमेत, चार बोटं खोल, नखाएवढा पत्र्याचा तुकडा सापडला होता. शांतारामचा वकील म्हणे, गोळी पत्रा फोडून गेली, तिनंच तुकडा आत नेला. पोलीस म्हणत, गोळी लागल्यावर जावई गोठ्याच्या जुन्या फाटक्या पत्र्यावर पडला, तेव्हा तो घुसला. आपल्याला विचारलं होतं एवढंच: पत्र्यातून गेलेली स्लग तुकडा आत नेते का, आणि नेला तर किती खोल?

तुम्ही त्याच गोठ्याचा पत्रा मागवलात. तो पत्रा उभा करायचा, त्याच्यामागे ठोकळा, आणि तेवढ्याच अंतरावरून बार. सकाळी मी ठोकळा फ्रीजमधून काढला, त्याची परीक्षा घेतली. हवेच्या बंदुकीतून ठरलेल्या वेगानं एक बारीक पोलादी छर्रा ठोकळ्यात मारायचा. तो ठरलेल्या खोलीला थांबला तर ठोकळा बरोबर, जास्त आत गेला तर ठोकळा नरम पडलाय. सकाळचा छर्रा अगदी जागेवर थांबला. मी आकडा लिहिला. तेवढ्यात तुम्हाला साहेबांनी बोलावलं आणि तुम्ही जाताना म्हणालात, "ठोकळा परत आत ठेव."

मी ठेवला नाही. आता ठेवते, मग ठेवते करत डबा खायला गेले. एप्रिलचा महिना, लाईट गेलेली, पंखे बंद. परत आले तेव्हा ठोकळा टेबलावरच. हात लावला तर थंड लागला, पण सकाळइतका नाही. तुम्ही दारात उभे, बंदूक बसवायच्या तयारीत. तुम्ही म्हणालात, "मी स्टँड लावतो, तोवर परत एकदा छर्रा मारून बघ."

मी मारला. तो सकाळच्या छर्ऱ्याच्या बराच पुढं गेला.

त्या क्षणी तुम्हाला हाक मारायची होती. दहा पावलांवर तुम्ही पाठमोरे उभे होता. कोर्टाचं तिसरं स्मरणपत्र टेबलावर होतं, साहेब त्याच दिवशी चाचणी उरका म्हणाले होते, आणि ठोकळा मी बाहेर ठेवला होता. "सर, बरोबर आहे," मी म्हणाले. आणि सकाळचाच आकडा परत लिहिला.

तुम्ही दोरी ओढलीत. पत्र्याला भोक, ठोकळा टेबलावर उडी मारल्यासारखा हलला. तुकडा गोळीबरोबर आत गेला होता. पण चार बोटं नाही, आठ. मी मोजलं आणि पट्टी लावून परत मोजलं. कारण या हिशेबानं डॉक्टरांना सापडलेला तुकडा गोळीनं नेलेलाच नव्हता. या हिशेबानं म्हातारा खोटं बोलत होता.

तुम्ही ठोकळा खिडकीपाशी उजेडात नेलात. बराच वेळ बघत राहिलात. जिलेटीन आरपार दिसतं, सर, हे मला तुम्हीच शिकवलंत, आणि त्या दिवशी मी विसरले. त्याच्या कडेला दोन छर्रे होते. एक सकाळचा, जागेवर. दुसरा त्याच्या कितीतरी पुढं. कागदावर दोघांची खोली सारखी.

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. ठोकळ्याचा, दोन्ही छर्ऱ्यांसकट, मोजपट्टी लावून फोटो काढलात. वर्कशीटवर लिहिलंत, 'पहिली चाचणी ग्राह्य नाही. कारण: तापमान.' खाली तुमची सही. मग मला म्हणालात, "उद्या नवीन ओतू. तीन ठोकळे. साहेबांना मी सांगतो, उशीर माझ्यामुळे झाला."

पुढचे चार दिवस आपण ते परत केलं. ठोकळा फ्रीजबाहेर आला की तुम्ही स्वतः थर्मामीटर धरून उभे. तीन ठोकळे, तीन बार. तिन्ही वेळा तुकडा चार ते पाच बोटांवर थांबला. अहवाल गेला. त्या आकड्याबद्दल तुम्ही मला एका शब्दानं विचारलं नाहीत. मी एका शब्दानं सांगितलं नाही.

त्या चार दिवसांत मला झोप नव्हती. एकदा जेवताना तुम्ही म्हणालात, "काही बोलायचं आहे का?" मी म्हणाले, "नाही सर, भाजी तिखट आहे." तुम्ही मान हलवलीत आणि तुमच्या डब्यातलं दही माझ्याकडे सरकवलंत. मी त्या दह्याबद्दल किती वेळा विचार केला असेल. तुम्ही मला संधी देत होतात की माफी? वाट बघत होतात का तुम्ही? वर्षभर, रोज सकाळी मी "गुड मॉर्निंग सर" म्हणून आत यायचे तेव्हा तुम्हाला वाटायचं का, की आज सांगेल? मी रोज ठरवून यायचे. दारात तुमचा चेहरा दिसला की डबा ठेवायच्या निमित्तानं पुढं निघून जायचे. ओरडला असतात तर सोपं झालं असतं. तुम्ही ओरडला नाहीत, आणि मी त्या न ओरडण्याच्या आडोशाला बसून राहिले.

मग तो रविवार. भाजी घेऊन जिना चढताना तुम्ही बसलात ते उठलाच नाहीत. ऑफिसच्या ग्रुपवर निरोप वाचला आणि माझ्या मनात सगळ्यात आधी आलं, आता सांगता येणार नाही. दुःख नंतर आलं, सर. खोटं कशाला बोलू, ते दुसरं आलं.

तुमच्या घरी आले तेव्हा काकू शांत होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "घरी कामाचं काही बोलायचे नाहीत गं. एवढंच म्हणायचे, सुवर्णा आली की मला बरं वाटतं, तिला भीती वाटते." मी मान खाली घातली. काकूंना वाटलं, मी रडते आहे.

आठवड्याभरात समन्स आलं. वणीच्या केसची तारीख. अहवालावर सही तुमची, पण काम करताना मी हजर होते, म्हणून साक्षीला मला पाठवायचं ठरलं. मी कागदपत्रं काढली. त्यात ती पहिली वर्कशीट. एका ओळीत 'छर्रा योग्य खोलीवर', दोनदा, माझ्या अक्षरात. त्याखाली 'ग्राह्य नाही, तापमान', तुमच्या अक्षरात. कुणीही बघितलं तरी विचारेल असा तो कागद. आणि विचारलं तर उत्तर द्यायला तुम्ही नाही.

सीबीएस बसस्टँडजवळच्या त्या कोर्टात मी याआधी तुमच्या बरोबर आले होते, तुमची बॅग धरायला. परवा एकटी गेले. व्हरांड्यात शांताराम बसला होता, जामिनावर सुटलेला, पांढरी टोपी गुडघ्यावर ठेवून. त्याच्यापासून लांब, दुसऱ्या बाकावर त्याची मुलगी. कविता तिचं नाव. मेला तो तिचा नवरा, आणि मारणारा तिचा बाप. ती कुणाच्या बाजूनं आली होती ते तिलाही माहीत नसावं. बापाकडे पाठ करून बसली होती.

पिंजऱ्यात उभी राहिले आणि हात कठड्यावर ठेवला. सरकारी वकिलांनी तोच कागद उचलला.

"मॅडम, पहिल्या चाचणीत तुकडा आठ बोटं आत गेला. म्हणजे आरोपीच्या विरुद्ध. बरोबर?"

"हो."

"ती चाचणी बाजूला ठेवली. मग नव्यानं केली आणि ती आरोपीच्या बाजूनं आली. बरोबर?"

"हो."

"कारण लिहिलंय, तापमान. पण याच कागदावर दोन वेळा लिहिलंय की ठोकळा योग्य होता. मग तापमान बिघडलं कुठून?" ते थांबले. न्यायाधीशांकडे बघत म्हणाले, "मयत देवरे यांना त्या दिवसांत आरोपीच्या बाजूचं कुणी येऊन भेटलं होतं का, एवढंच मला विचारायचं आहे."

सर, मला आजपर्यंत जेवढी भीती वाटली ती सगळी त्या एका क्षणात परत आली. पण समोर तुमचं नाव होतं. तुम्ही स्वतःला वाचवायला येऊ शकत नव्हता.

मी म्हणाले, "दुसरा आकडा खोटा आहे. तो मी लिहिला."

टायपिस्टचे हात थांबले. न्यायाधीश पुढं वाकले. "परत सांगा. हळू."

मी परत सांगितलं. ठोकळा मी बाहेर ठेवला, तो नरम पडला, छर्रा जास्त आत गेला आणि मी सकाळचा आकडा लिहिला. देवरे सरांनी ठोकळ्यात दोन छर्रे बघितले आणि चाचणी रद्द केली.

"हे आधी कुणाला सांगितलं होतं?"

"नाही."

"का?"

"भीती वाटली."

त्यांनी ते शब्द जसेच्या तसे टाईप करायला सांगितले. पण सरकारी वकील गप्प बसणारे नव्हते, आणि जे मला सगळ्यात जास्त सतावत होतं तेच त्यांनी विचारलं. "एक आकडा खोटा लिहिणाऱ्या बाईचे बाकीचे आकडे आम्ही खरे कसे मानायचे?"

इथं मी तुमचं नाव वाचवताना त्या म्हाताऱ्याला बुडवत होते. रात्रंदिवस हेच मनात घोळत होतं, की खरं बोलले तर त्याचं काय होईल. मी म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, साहेब. फोटो बघा. प्रत्येक ठोकळ्यात छर्रा दिसतो, पत्र्याचा तुकडा दिसतो आणि शेजारी मोजपट्टी दिसते. पहिल्याचाही आहे, नंतरच्या तिन्हींचेही आहेत. तुम्ही स्वतः मोजा."

न्यायाधीशांनी फोटो मागवले. चष्मा वर सारून एकेक फोटो डोळ्यांजवळ नेला. पहिल्या फोटोवर त्यांनी पेनाचं टोक दोनदा टेकवलं, एकदा इथं, एकदा तिथं. मग ते फाईलमध्ये ठेवले. पुढची तारीख पडली. निकाल अजून लागायचा आहे. इकडे ऑफिसनं माझ्याकडून लेखी खुलासा मागितला आहे. काय होईल माहीत नाही. नोकरी राहील न राहील. आईला अजून सांगितलेलं नाही.

बाहेर आले तर कविता वाटेत उभी. जवळ आली, पण नजर वर नाही.

"ताई, तुम्ही आत बोललात ते मला नीट कळलं नाय. बाबांनी मुद्दाम नाय ना मारलं?"

सर, तुम्ही असतात तर काय बोलला असतात? मला खूप वाटलं, हो म्हणावं. नाही गं, मुद्दाम नाही, घरी जा, असं सांगावं. ती तेवढ्यासाठीच उभी होती. पण पत्र्याआड कोण आहे हे त्या माणसाला ठाऊक होतं की नव्हतं, हे आपल्या तिन्ही ठोकळ्यांत कुठंच नव्हतं. मी सात वर्षं तुमच्याशी जे भांडले ते सगळं त्या पोरीच्या तोंडावर उभं होतं, आणि मी तुमच्या बाजूनं बोलले. मी बोलले आणि मला माझाच राग आला.

"गोळी पत्र्यातून गेली, एवढं मला माहीत आहे," मी म्हणाले. "त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही."

तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. मग विचारलं, "म्हंजे माझ्या माणसाला बाबा समोर दिसले नसतील? बंदूक धरलेले?"

"नाही. मध्ये पत्रा होता."

"मग त्याला भ्या वाटलं नसंल," ती म्हणाली. "मी वरीसभर तेच धरून बसले, की त्यानं बाबांना बघितलं असंल. लय भ्याला असंल."

मला हे कधीच सुचलं नव्हतं, सर. तुम्हाला सुचलं होतं का? आपण गोळी किती खोल गेली ते मोजत बसलो, आणि तिला आपल्या अहवालातून हवं होतं ते हे एवढंच, की शेवटच्या घटकेला तो घाबरलेला नव्हता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिनं तो ठेवू दिला.

मग ती गेली. बाकावर शांताराम तसाच बसला होता, टोपी गुडघ्यावर. ती त्याच्या शेजारी बसली नाही, पण त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. पिशवीतून पाण्याची बाटली काढली. त्याच्या हातात दिली नाही, दोघांच्या मध्ये ठेवली आणि समोर बघत राहिली. मी जिन्याजवळ थांबले होते. बऱ्याच वेळानं म्हाताऱ्यानं हात पुढे करून ती उचलली.